सहा जरुरी गोष्टी : हकिमांच्या आरोग्यविचाराचा इतिहास

हकीम हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? काचेच्या बरण्यांनी भरलेले कपाट, त्यातील माजून, खमिरे आणि अर्क, आणि रोग्याच्या नाडीवर बोटे ठेवून डोळे मिटून बसलेली एक वृद्ध व्यक्ती. आजार झाला की हकीमसाहेबांकडे जावे, पुडी आणावी व बरे व्हावे, एवढाच त्यांचा व आपला संबंध, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु तिब्बचे जुने ग्रंथ उघडून पाहिले तर या समजुतीला धक्का बसतो. त्या ग्रंथांत औषधे आहेत, पुष्कळ आहेत. पण ती मागाहून येतात. अगोदर येतो तो हवेचा, जेवणाचा, चालण्याफिरण्याचा आणि झोपेचा विचार.

इब्न सीना यांनी आपल्या 'कानून' या जगप्रसिद्ध ग्रंथाच्या आरंभीच तिब्बची दोन कामे सांगितली आहेत. आरोग्य असेल तेथे ते राखणे हे पहिले काम आणि गेले असेल तेथे ते परत आणणे हे दुसरे. पहिल्या कामाला हकीम लोक 'हिफ्जे सेहत' म्हणतात व दुसऱ्याला 'इलाज'. आपण इलाज लक्षात ठेवला आणि हिफ्जे सेहत विसरलो. या विसराची किंमत आज आपल्या घराघरांतून मोजावी लागत आहे. म्हणूनच हा जुना इतिहास पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो.

सहा गोष्टी कोणत्या?

या विचाराचे मूळ ग्रीक वैद्यकात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेला गॅलन, ज्याला अरबी ग्रंथांत जालीनूस म्हटले आहे, त्याच्या लेखनात हे सूत्र आढळते. ते अरबी भाषेत व्यवस्थित मांडण्याचे श्रेय नवव्या शतकातील बगदादच्या भाषांतरकारांना जाते. त्यांचे अग्रणी हुनैन बिन इसहाक (इ. स. ८०९ ते ८७३) हे हीरा गावचे अरब ख्रिस्ती. गॅलनच्या सव्वाशेहून अधिक ग्रंथांची व त्यांच्या भाषांतरांची यादीच त्यांनी लिहून ठेवली आहे. विद्यार्थ्यांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात त्यांनी वैद्यकाचे जे पुस्तक लिहिले, त्यात या गोष्टी येतात. पुढे त्यांना 'अस्बाबे सित्ता जरूरिया', म्हणजे सहा जरुरी कारणे, हे नाव रूढ झाले.

त्या सहा गोष्टी अशा : पहिली, आपल्या भोवतालची हवा. दुसरी, खाणे व पिणे. तिसरी, शरीराची हालचाल व विश्रांती. चौथी, मनाची हालचाल व विश्रांती, म्हणजे राग, भीती, दुःख, आनंद इत्यादी. पाचवी, झोप व जागरण. सहावी, शरीराने काय बाहेर टाकावे व काय राखून ठेवावे, म्हणजेच मलमूत्र, घाम इत्यादींची नियमितता.

यांना 'जरुरी' का म्हटले, हे समजून घेण्यासारखे आहे. औषधाशिवाय मनुष्य जगू शकतो, पण या सहांतून कोणाचीही सुटका नाही. श्वास घेतल्याशिवाय, जेवल्याशिवाय, झोपल्याशिवाय राजाही राहू शकत नाही आणि मजूरही नाही. तेव्हा या गोष्टी करावयाच्या की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. प्रमाण साधले तर याच सहा गोष्टी आरोग्य राखतात आणि प्रमाण बिघडले तर याच सहा गोष्टी रोग आणतात. सारे हिफ्जे सेहत या एका वाक्यात सामावले आहे, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या दीनची शिकवण याहून वेगळी नाही. खाण्यापिण्यात अतिरेक करू नये ही कुरआन शरीफाची आज्ञा आहे. पोटाचा एक हिस्सा अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी ठेवावा, अशी हजरत पैगंबर (स.) यांची शिकवण तिरमिझी शरीफात आलेली आहे. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. पोट हे रोगाचे घर व परहेज हे सर्वांत मोठे औषध, अशा आशयाचे एक वचन आपल्याकडे अनेकजण हदीस म्हणून सांगतात. परंतु ते ताइफचा प्राचीन अरब वैद्य हारिस बिन कलदा याचे आहे, असे इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांच्यासारख्या आलिमांनी स्पष्ट नोंदवले आहे. वैद्याचे वचन वैद्याचे म्हणून सांगितले तरी त्याचे मोल काही कमी होत नाही.

ज्यांच्याजवळ वैद्य नाही त्यांच्यासाठी

हुनैन यांच्यानंतरचे मोठे नाव म्हणजे अबू बक्र मुहंमद बिन झकरिया अल राझी. आजच्या तेहरानजवळील रय या शहरी सुमारे इ. स. ८६५ मध्ये त्यांचा जन्म झाला व बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. देवी व गोवर या दोन रोगांतील फरक सांगणारा त्यांचा ग्रंथ वैद्यकाच्या इतिहासात अमर झाला आहे. परंतु त्यांच्या दोन पुस्तकांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. एक अन्नपदार्थांचे फायदे व त्यांच्यापासून होणारे अपाय टाळण्याचे उपाय यांविषयीचे, आणि दुसरे, ज्या माणसापाशी वैद्य नाही त्याच्यासाठी लिहिलेले. ज्या काळी राजदरबारी वैद्यांचा बोलबाला होता, त्या काळी एवढ्या मोठ्या वैद्याने गरीब, दूर राहणाऱ्या माणसासाठी लेखणी उचलावी, ही साधी गोष्ट नव्हे. अन्नाने काम होत असेल तर औषध देऊ नये, आणि एका औषधाने भागत असेल तर अनेक औषधे एकत्र करू नयेत, हा नियम आजही त्यांच्याच नावाने सांगितला जातो.

बू अली सीनांचा ग्रंथ आणि त्यांचे आयुष्य

राझींच्या मृत्यूनंतर सुमारे ५५ वर्षांनी, इ. स. ९८० मध्ये, बुखाऱ्याजवळील अफशाना गावी अबू अली इब्न सीना यांचा जन्म झाला. इ. स. १०२५ च्या सुमारास त्यांनी 'कानून'चे पाच भाग पूर्ण केले. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातील विद्यापीठांत तो पाठ्यग्रंथ म्हणून चालला.

या ग्रंथाच्या पहिल्या भागात आरोग्य राखण्यावर एक स्वतंत्र प्रकरणमाला आहे. तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत प्रत्येक वयाची दिनचर्या तीत सांगितली आहे. आश्चर्य वाटेल ते हे की, आरोग्य राखण्याच्या उपायांत इब्न सीनांनी व्यायामाला पहिले स्थान दिले, अन्नाला दुसरे व झोपेला तिसरे. व्यायामाचे प्रकारही किती! कुस्ती, धावणे, भरभर चालणे, तिरंदाजी, घोड्यावर बसणे. आणि अशक्त माणसासाठी झोपाळा व नावेतील सहल. ज्याला जेवढे झेपेल त्याला तेवढे, पण कोणालाही पूर्ण सुट्टी नाही. वृद्धांनी एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे, दोनतीन वेळा विभागून जेवावे, असे ते सांगतात.

आता या थोर माणसाचे स्वतःचे आयुष्य पाहा. दिवसा वजिरीचे काम, रात्री अध्यापन व लेखन, राजाबरोबर मोहिमांवरची धावपळ, तुरुंगवास आणि पलायन! इब्न सीनांना पोटशुळाचा विकार जडला. त्यांचे शिष्य अबू उबैद जुझजानी यांनी गुरूचे चरित्र लिहिताना काहीही लपविले नाही. लवकर बरे व्हावे या घाईने गुरूंनी स्वतःवर एकाच दिवसात आठ वेळा बस्तीचा प्रयोग करून घेतला आणि दुखणे वाढविले, तसेच थोडे बरे वाटताच ते पथ्य मोडीत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. इ. स. १०३७ मध्ये हमदान येथे, अवघ्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हा प्रसंग थोरांचे दोष काढण्यासाठी सांगितलेला नाही. त्यातून एक मोठा धडा मिळतो. आरोग्याचे ज्ञान वेगळे आणि आरोग्याची सवय वेगळी. ज्याने जगाला दिनचर्या शिकविली त्यालाही ती ज्ञानाच्या जोरावर लाभली नाही. मग परीक्षेत आरोग्यशास्त्राच्या उत्तराला पूर्ण गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याने रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहत जागावे, यात नवल ते काय?

आरोग्याचे पंचांग

इब्न सीनांच्या नंतरच्या पिढीत बगदादचे ख्रिस्ती वैद्य इब्न बुतलान यांनी एक नामी कल्पना काढली. ज्योतिषी लोक ग्रहांचे गणित कोष्टकांत मांडीत व त्याला 'तकवीम' म्हणत. तकवीम म्हणजे आपल्या भाषेत पंचांग किंवा दिनदर्शिका. आपल्या मशिदींतून नमाजांच्या वेळांची तकवीम टांगलेली असते, तोच हा शब्द. इब्न बुतलान यांनी आरोग्याची तकवीम तयार केली व तिचे नाव ठेवले 'तकवीमुस्सेहत'. लोकांना लांबलचक चर्चा नको असते, त्यांना उपयोगाचे तेवढे हवे असते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

या पुस्तकात अन्नपदार्थ, फळे, मांस, पाणी, झोप, व्यायाम, इतकेच काय पण राग व संगीत यांनाही कोष्टकात जागा आहे. प्रत्येक गोष्टीपुढे तिचा गुणधर्म, तिचा उत्तम प्रकार, तिचा फायदा, तिचा अपाय आणि तो अपाय दूर करण्याचा उपाय असे रकाने आहेत. अपाय दूर करणाऱ्या वस्तूला हकीम 'मुस्लिह' म्हणतात. कोणताच पदार्थ केवळ चांगला नाही व केवळ वाईट नाही. प्रत्येकाचा फायदाही लिहावा आणि अपायही लिहावा, ही वृत्ती किती समतोल आहे! आपल्या कोकणातील घरांत माशांच्या जेवणानंतर सोलकढी घेतात किंवा देशावर मटणाबरोबर कांदालिंबू वाढतात, त्यामागे हीच जोडीची दृष्टी दिसते. इब्न बुतलान यांचे पुस्तक लॅटिनमध्ये गेले, त्याच्या सुंदर चित्रमय हस्तलिखित प्रती युरोपातील श्रीमंत घराण्यांनी करवून घेतल्या आणि १५३१ साली स्ट्रासबुर्ग येथे ते छापूनही निघाले.

याच परंपरेत पुढे कैरोमध्ये यहुदी वैद्य मूसा बिन मैमून यांनी सुलतान सलाहुद्दीन यांचे पुत्र अल अफझल यांच्यासाठी आरोग्यरक्षणावर पुस्तिका लिहिली. बद्धकोष्ठ व उदासी ही राजपुत्राची दुखणी होती. त्याला मूसा बिन मैमून यांनी सांगितले ते हेच की, तृप्ती होण्यापूर्वीच हात आवरावा, शरीर हालते ठेवावे व मनाला सांभाळावे. भाषांतर करणारा ख्रिस्ती, कोष्टक मांडणारा ख्रिस्ती, राजपुत्राला सल्ला देणारा यहुदी आणि राझी व इब्न सीना मुसलमान. सर्वांची ग्रंथाची भाषा अरबी. ज्ञान कोणाकडून येते हे न पाहता ते घ्यावे, ही त्या काळच्या मुस्लिम समाजाची वृत्ती होती आणि म्हणूनच त्याची भरभराट झाली, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

दख्खनची भूमी

हा विचार आपल्या प्रदेशात आला तेव्हा त्याचे काय झाले? अहमदनगरच्या निजामशाही दरबारात इराणी व अरबी परंपरेचे हकीम होते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य व स्नेही होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात आंबा, नारळ, चिंच, आले, विड्याचे पान अशा आपल्या ओळखीच्या कितीतरी वस्तूंची चर्चा आहे, आणि त्यात इब्न सीनांचे नाव वारंवार येते. युरोपचा वैद्य, अरबी विद्या आणि दख्खनचा बाजार असा तो संगम होता.

त्यानंतरचे उदाहरण अधिक बोलके आहे. प्रसिद्ध इतिहासकार मुहंमद कासिम फरिश्ता हे लहानपणी वडिलांबरोबर इराणातून अहमदनगरला आले आणि १५८९ साली विजापूरला गेले. त्यांचा इतिहासग्रंथ सर्वांना ठाऊक आहे, पण ते तिब्बचेही जाणकार होते. त्यांनी 'दस्तूरुल अतिब्बा' हा फारसी ग्रंथ लिहिला तो भारतीय वैद्यकावर, म्हणजे आयुर्वेदावर. त्यांच्याही आधी, १५१२ साली, सिकंदर लोदीच्या काळात मियाँ भुवा यांनी संस्कृत वैद्यकग्रंथांचे सार फारसीत आणले होते. या प्रयत्नांमागील तर्क सरळ होता. सहा गोष्टींत पहिली हवा. हवा बदलली की अन्नही बदलते. इराणच्या थंड डोंगरातील पथ्य दख्खनच्या उन्हात जसेच्या तसे लागू पडणार नाही. इथल्या माणसाला इथल्या वनस्पती व इथले धान्य जाणणाऱ्यांकडूनच शिकले पाहिजे. ज्वारी, बाजरी, नाचणी, कुळीथ व ताजी मासळी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी आरोग्यासाठी दूरदेशीच्या महाग पदार्थांमागे धावण्याची गरज नाही, हे त्यांच्या विचारातून आपोआपच निघते.

एका चिलमीची गोष्ट

याच दख्खनमधून एक वाईट सवयही उत्तरेकडे गेली, तो प्रसंग सांगण्याजोगा आहे. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरहून सुमारे १६०४ साली परतला, तेव्हा त्याने बादशहाला नजर करण्यासाठी तंबाखू व एक सुरेख हुक्का आणला. पोर्तुगिजांमार्फत आलेली ही वनस्पती दरबारात नवीनच होती. बादशहाने दोनचार झुरके घेताच हकिमाने हरकत घेतली. या वस्तूची परीक्षा झालेली नाही, आमच्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही, तेव्हा हुजुरांना ती कशी घेऊ द्यावी, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगने वाद घातला, पण बादशहाने पुन्हा तिला हात लावला नाही. मात्र असद बेगने बरोबर आणलेली तंबाखू सरदारांत वाटली, तिची मागणी वाढली, व्यापारी ती विकू लागले व पाहता पाहता चटक सर्वत्र पसरली. १६१७ साली जहांगीर बादशहाने बंदीचा हुकूम काढला. त्याचाही उपयोग झाला नाही.

चारशे वर्षांनंतर आपण त्याच जागी उभे आहोत. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी तरुणांच्या खिशातून पुड्या निघतातच. आपल्या कित्येक माताभगिनी दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री लावतात, आणि ती भाजलेली तंबाखूच आहे हे मुलांना कोणी सांगत नाही. परीक्षा न झालेली वस्तू तोंडात घेऊ नये, असे म्हणणारा तो हकीम त्या दिवशी एकटा पडला होता. आज तर तंबाखूची परीक्षा पूर्ण झाली आहे आणि ती कर्करोगाला व हृदयविकाराला आमंत्रण देते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे.

काय टाकावे, काय राखावे

एकोणिसाव्या व विसाव्या शतकात नवे वैद्यक आले, तेव्हा जुन्या विद्येपुढे जगण्यामरण्याचा प्रश्न उभा राहिला. हकीम अजमल खान (१८६८ ते १९२७) यांनी त्याला दिलेले उत्तर आदर्श मानावे लागेल. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथे हकीमसाहेबांनी संशोधनासाठी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला बोलावले. पुढे सर्पगंधा या वनस्पतीतून सिद्दीकींनी जे द्रव्य वेगळे केले, त्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. जुने आहे म्हणून खरे नव्हे आणि जुने आहे म्हणून खोटेही नव्हे. तपासून पाहावे, हा त्याचा अर्थ.

तसे तपासले तर जुन्या तिब्बमधील काही गोष्टी टाकाव्या लागतात. रक्त, बलगम, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांच्या कमीजास्तपणाने सर्व रोग होतात, हा सिद्धांत आजच्या विज्ञानात टिकत नाही. परंतु सहा गोष्टींचा उपदेश मात्र मोठ्या प्रमाणात टिकून राहिला आहे. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याची चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. इब्न सीनांनी व्यायामाला पहिले स्थान दिले होते त्याला नवा पुरावा मिळाला. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला माघारी वळविण्याचे काम हिफ्जे सेहतच करू शकते. मात्र ज्याला मधुमेह वा रक्तदाब जडलाच आहे, त्याने केवळ पथ्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नये. तिब्बची दोन कामे आहेत, आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

आपल्या घरातील तकवीम

आता हा इतिहास आपल्या घरात आणून पाहू. रमजानचा पवित्र महिना घ्या. चौदा तास संयम पाळावयाचा आणि मगरिबच्या अजानबरोबर तळलेल्या भज्यांवर, समोशांवर व साखरेच्या सरबतांवर तुटून पडावयाचे. महिनाअखेर वजन वाढलेले! ज्या महिन्याने आपल्याला हात आवरायला शिकवावे त्याच महिन्यात आपण हात मोकळा सोडतो. खजूर, पाणी, फळे व साधे जेवण एवढ्यावर इफ्तार होत नाही काय? दावतींचेही तसेच. पाहुण्याच्या ताटात त्याच्या इच्छेविरुद्ध आणखी एक पळी बिर्याणी घालणे म्हणजे आदरातिथ्य, ही समजूत आपण बदलली पाहिजे.

दुसरी गोष्ट घरातील स्त्रियांची. सर्वांना वाढून झाल्यावर, उरलेले, गार झालेले अन्न खाणारी आई आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. तिचे जेवण अवेळी, झोप अपुरी, आणि चालणे म्हणाल तर स्वयंपाकघर ते अंगण. चाळिशीतच तिचे गुडघे धरतात, पन्नाशीत साखर निघते, आणि मग आपण हजारो रुपये खर्चून दवाखान्यांच्या पायऱ्या चढतो. इब्न सीनांनी बाळापासून वृद्धापर्यंत सर्वांना दिनचर्या सांगितली, तिच्यातून आपल्या घरच्या स्त्रीलाच का वगळावे? तिने फजरच्या नमाजानंतर अर्धा तास चालावयास जावे आणि घरच्या पुरुषांनी त्या वेळी चूल सांभाळावी, यात कमीपणा कसला? मुलींच्या शाळेला मैदान असावे, त्यांनी खेळावे, धावावे, हा हट्ट पालकांनी धरला पाहिजे. आज खेळणारी मुलगी उद्या निरोगी आई होईल.

तिसरी गोष्ट मनाची. परीक्षेच्या दिवसांत मुलांवर ओरडणारे, शेजारच्या मुलाशी तुलना करणारे पालक मुलाला दूध व बदाम देतात आणि त्याची झोप मात्र हिरावून घेतात. हकिमांनी मनाचा क्षोभ व झोप यांना अन्नाच्याच पंक्तीला बसविले होते, हे अशा वेळी आठवावे.

हमदर्दचे हकीम अब्दुल हमीद यांचे नाव शेवटी आदराने घेतले पाहिजे. १९०८ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी वडिलांचा दवाखाना देशव्यापी केला, दिल्लीत विद्यापीठ उभे केले आणि १९९९ साली, ९० व्या वर्षी इहलोक सोडला. एवढी संपत्ती हाती असताना त्यांनी साधी राहणी सोडली नाही, अशी त्यांची ख्याती होती. दीर्घायुष्य अल्लाहच्या हाती आहे. कोणतीही दिनचर्या त्याची हमी देऊ शकत नाही. परंतु जेवढे आयुष्य मिळाले तेवढे अमानत म्हणून सांभाळणे आपल्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक छोटेसे काम तुमच्याकडे सोपवावेसे वाटते. एका कोऱ्या कागदावर हवा, अन्न, हालचाल, मन, झोप आणि शरीरशुद्धी असे सहा रकाने आखा आणि तो कागद घरात नमाजाच्या तकवीमशेजारी लावा. आठवडाभर रोज रात्री आईवडिलांना, दादीला, भावंडांना विचारून तो भरा. कोणता रकाना कोणाच्या नावापुढे रिकामा राहतो ते पाहा. बहुधा तो आईच्या नावापुढचा असेल. तेथूनच सुरुवात करा. अल्लाह आपल्या सर्वांना सेहत व सद्बुद्धी देवो. आमीन.